पाहुण्यांखालचा गालिचा

अक्रोड झोडायचे दिवस होते आणि बास्सू झाडाच्या शेंड्यावर होता. आता शेंडा म्हणजे किती उंच, हे खोऱ्याबाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. बास्सूचा आजा या झाडावर चढला तेव्हा त्याची दाढी काळी होती आणि उतरला तेव्हा पांढरी, असं अख्खं गाव शपथेवर सांगतं. ती भीतीनं पांढरी झाली की वेळच तेवढा लागला, यावरच काय तो मतभेद आहे.

खाली त्याची बायको इत्तो आणि पोरगी तूदा ओणव्यानं अक्रोड वेचत होत्या. वरून लांब काठीचा फटका बसला की हिरव्या सालीसकट अक्रोड दोघींच्या पाठीत धबाधब बसत. त्या सालीचा रस हाताला लागला की हात कोपरापर्यंत काळे होतात, आणि मग राखेनं घासा, वाळूनं घासा, बर्फ पडेपर्यंत तो रंग जात नाही.

"हद्दूचा निरोप आलाय," बास्सू वरून ओरडला. अवघड गोष्ट तो नेहमी झाडावरूनच सांगायचा. खालच्याला मान वर करून भांडता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"काय म्हणतो?"

"झोडणी आटपली की शुक्रवारी चार माणसांत फातिहा वाचून लग्न लावू म्हणतो. पोरगा खेचरं हाकायला लागलाय त्याचा."

तूदा वेचतच राहिली, पण एकच अक्रोड ती टोपलीत टाकून पुन्हा उचलत होती. इत्तोनं ते पाहिलं आणि ती उभी राहिली.

"अजून न्हाण आलं नाही तिला. सरकारी कागद तरी होईल का?"

"कागदाचं मागाहून बघतात. तुझं कुठं कागदावर झालं होतं?"

"आणि शाळा? पुढचे वर्ग उघडणारेत ना यंदा?"

काठी थांबली. पानं हलायची राहिली. "हे बघ. मी काही दगड नाही. वर्ग आपल्या अगूनीत उघडले तर हद्दूला थांब म्हणेन. पलीकडं तिझगातला गेले तर मात्र नाही. नदीला पाणी आलं की हिवाळाभर मेंढरू उतरत नाही, पोरगी काय उडत जाईल?"

"हा शब्द धरू मी?"

"झाडावर माणूस खोटं बोलत नाही, इत्तो. फांदी ऐकत असते."

फांदी ऐकत होती की नाही देव जाणे, पण तूदानं ऐकलं. त्या दिवशी तिनं दोन बायांचं काम एकटीनं केलं.

*

दोन्ही गावांत सहावीपर्यंत शाळा होती. पुढचे वर्ग एकाच गावात उघडायचे होते, आणि कुठल्या, ते ठरवायला राजधानीच्या विद्यापीठातून चौघं यायची होती. शाळेनं गावाचं नशीब कसं फिरतं, यावर त्यांचं संशोधन होतं. एकजण पाण्याचा अभ्यास केलेला, एक पैशाचा, एक मातीचा, आणि एक बाई माणसांचा. "एका शाळेची नाडी बघायला चार वैद्य!" म्हातारे हसले. "म्हणजे दुखणं जुनं आहे."

मशिदीसमोरच्या कट्ट्यावर बैठक भरली. मुकादम आद्दी मोठा हुशार माणूस. इतका हुशार, की त्याचं गाढवसुद्धा त्याला विचारल्याशिवाय रेकत नसे. तो म्हणाला, "शाळा म्हणजे सून. सून देताना माणूस काय बघतो? घर बघतो. चूल पेटलेली आहे का, बसायला अंथरूण आहे का. उपाशी घरात कोण देईल? तेव्हा कोणी रडगाणं गायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, देवाची कृपा, काही कमी नाही."

"पण गरज आहे म्हणून सांगितलं तर?" कोपऱ्यातून एकानं हळूच विचारलं.

"पाहुण्यापुढं गरज सांगायची? मग ताट घेऊन बाजारातच बस की!"

माना हलल्या. पाहुण्यापुढं रडू नये, हे तर आईच्या दुधातच पाजलेलं. पाहुण्यांना घराघरानं पाळीपाळीनं जेवू घालायचं, म्हणजे प्रत्येक घर चांगलं दिसायला हवं. आणि घरं तर उघडी पडली होती. दोन दुष्काळांत बायकांनी मागावर विणलेले सगळे गालिचे व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढले होते.

गालिचे उरले होते ते पलीकडं, तिझगातला. पुरुषांचं कुरणावरून भांडण, पण लेकीसुना दोन्हीकडच्याच. तेव्हा प्रत्येक बाईनं आपल्या नात्यात जाऊन मागून आणायचं, असं ठरलं. ठरवलं पुरुषांनी. नदी उतरायची बायकांनी.

*

इत्तोची नणंद यामना तिझगातला दिलेली होती. तिच्या घरात लाल-काळा गालिचा होता, तिच्या सासूनं विणलेला; त्यावर पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जाई.

"घेऊन जा, वहिनी," यामना म्हणाली, "पण ती माणसं तुमच्याकडनं थेट आमच्याकडं येणारेत. त्याआधी परत हवा मला. नाहीतर हे माझी चामडी अंथरतील."

"माझ्या पोरीची शपथ."

"पोरीची शपथ कशाला घालतेस? माझी हादाही तूदासारखीच सहावी झालीय. तिलाही पुढं शिकायचंय." यामनानं गालिचा गुंडाळून वहिनीच्या पाठीवर दोरानं आवळला. "आम्हीही वर्ग मागणारच आहोत, बरं का. गालिचा दिला म्हणून शाळा दिली असं नाही."

नदीच्या मध्यावर गालिच्याची एक कड पाण्यात भिजली आणि त्याचं ओझं इतकं वाढलं, की इत्तोला वाटलं पाठीवर नणंदच बसलीय. काठावर पोचल्यावर ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली; खाली बसली असती तर उठता आलं नसतं.

*

पाहुणे आले. पाण्यावाला उंच आणि हाडकुळा, मातीवाला सारखा खाली बघून चालणारा, पैशावाला गोरा नि घामेजलेला. बाईचं नाव नुझा; गावच्या बायका तिला मानानं 'लल्ला' म्हणत. तिची आजी डोंगरातली, म्हणून तिला इथली बोली येत होती, मोडकीतोडकी पण गोड.

मग काय सांगावं! पाहुणे एका घरी चहा पीत असताना दुसऱ्या घरच्या बायका मागच्या बाजूनं गालिचे ओढून धाब्याधाब्यांवरून पुढच्या घरात नेत. एक मोठी किटली तर पाहुण्यांच्या आधीच सगळीकडं पोचलेली असे. मुकादमाच्या आईनं तिला पदराखाली धरून इतक्या घरांच्या शिड्या चढल्या, की तिची वर्षानुवर्षांची कंबरदुखी पळाली, असं ती स्वतः सांगते. बायकांनी काळे हात लपवायला त्यावर मेंदी लावली होती. त्यानं हात काळेही राहिले नाहीत आणि लालही झाले नाहीत. जळलेल्या वांग्यासारखे दिसायला लागले.

इत्तोच्या घरची पाळी आली. तिनं एकुलती एक अंडी देणारी कोंबडी कापली होती. बास्सूनं धुतलेला झुब्बा घातला होता आणि तो गालिच्यावर असा अवघडून बसला होता, जणू गालिचा त्याला चावेल.

"पीकपाणी कसं आहे?" पैशावाल्यानं विचारलं.

"देवाची कृपा."

"पाण्याची अडचण?" पाण्यावाल्यानं विचारलं.

"पाणी आहे, हवं तेवढं." पाटाला पाणी येऊन किती दिवस झाले होते ते त्याच्या ओठांच्या भेगांवरून दिसत होतं.

नुझाबाई तूदाकडं वळली. "तू सहावी झालीस ना? आता पुढं?"

तूदानं बापाकडं पाहिलं. मुकादम दाराशीच बसला होता. तो खाकरला.

"तिला हवं तेव्हा शिकेल ती," बास्सू म्हणाला. "आमच्याकडं कशाला कोण अडवतं?"

"आणि तुम्हाला?" बाईनं इत्तोचा हात हातात घेतला. तो जळक्या वांग्याचा हात तिनं उलटसुलट करून पाहिला. "तुम्हाला काही हवंय का? अगदी काहीही?"

इत्तोचं तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं: हद्दू, शुक्रवार, नदी. पण तोंडातून शब्द आले ते आपल्या आपणच, जसे आईच्या आले असते, आजीच्या आले असते. "देवाच्या कृपेनं काही नको, लल्ला. घ्या ना, कोंबडी घ्या."

पाहुणे नदीकडं निघाले तशी इत्तो गालिच्याला दोर बांधायला लागली. मुकादम दारात आडवा आला.

"कुठं?"

"यामनाला शब्द दिलाय. ते तिकडं पोचायच्या आत..."

"ते परत येणारेत. काय दिसलं ते आधी गावाला सांगायचं, मग जायचं, अशी त्यांची रीत आहे. परत आले आणि घर उघडं दिसलं तर? गालिचा हलायचा नाही."

"मुकादम, मी पोरीची शपथ घातलीय."

"शाळा पोरीसाठीच चाललीय ना?"

इत्तोनं बास्सूकडं पाहिलं. बास्सू जोडा झटकत होता. जोड्यात काहीही नव्हतं.

*

पाहुणे परत आले तेव्हा मुकादमाच्या घरात सगळे उसने गालिचे एकत्र अंथरले होते, एकावर एक. बसलेल्या माणसाचं डोकं आढ्याला लागेल की काय अशी स्थिती. पुरुष भिंतीला टेकून बसले होते. त्यांत हद्दूही होता, मानेवर शाल टाकून, व्याह्याच्या थाटात. बायका धाब्यावर, धुराड्याच्या भोकाभोवती. इत्तो चहाचं तबक घेऊन दाराशी उभी.

पैशावाल्यानं घाम पुसला. "तुम्ही फार प्रेमानं वागवलंत. आता आम्हाला काय दिसलं ते सांगतो. शाळेचे वर्ग जिथं गरज जास्त, तिथं जावेत, असं आमचं चौघांचं मत आहे. तुमच्या गावात, देवाची कृपा, घरोघर लोकरीचे गालिचे आहेत, ताटात मटण आहे, पाण्याची तक्रार नाही. पोरांना बाहेर ठेवून शिकवणं तुम्हाला जड नाही. पलीकडं मात्र आम्ही रिकाम्या पोत्यांवर बसलो. एका घरी तर यजमान सारखा बायकोकडं रागानं बघत होता आणि ती बिचारी रडत होती. तेव्हा वर्ग तिझगातला उघडावेत, असं आम्ही कळवू."

बोलायचं तर काय? आम्ही खोटं दाखवलं म्हणायचं, पाहुण्यांच्या तोंडावर? मुकादमानं आवंढा गिळला तो धाब्यावरच्या बायकांनाही ऐकू आला.

"देवाची कृपा," तो म्हणाला.

हद्दूनं दाढीवरून हात फिरवला आणि बास्सूकडं पाहून मान किंचित हलवली. शुक्रवार, असं त्या मानेनं सांगितलं. बास्सूनं डोळे खाली घातले.

इत्तोनं तबक खाली ठेवलं. तिला आपले हात दिसले. मेंदी उडून गेली होती, काळा रंग होता तसा होता.

"लल्ला, जरा उठता?"

"का हो?" नुझाबाई गोंधळून उठली.

"हा गालिचा तिझगातचा आहे. माझ्या नणंदेचा. तुम्ही तिच्याकडं जायच्या आधी पोचवायचा होता. राहून गेला." आणि ती खाली बसून कड गुंडाळायला लागली.

"इत्तो!" बास्सू ओरडला.

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं?" मुकादम गुडघ्यावर आला. "पाहुणे बसलेत!"

"तुमच्या खालचाही उठवावा लागेल, मुकादम. तो तुमच्या मेहुणीचा आहे. पाय काढा."

पाण्यावाला चहाचा पेला हातात धरून उठला आणि त्यानं एक पाय वर घेतला. तसाच तो भिंतीला टेकून राहिला, बगळ्यासारखा. मग शिडी करकरली. एकेक बाई खाली आली आणि कोणाकडं न बघता आपापल्या बहिणीचं, भावजयीचं, मावशीचं ओळखून ओढायला लागली. मुकादमाच्या आईनं पैशावाल्याच्या पुढ्यातून गरम किटली उचलली. "माझ्या बहिणीची आहे, बाळ. तिच्याकडंही चहा लागतो."

खाली जमीन निघाली. सारवलेलीसुद्धा नव्हती.

नुझाबाई त्या जमिनीकडं बघत राहिली. "म्हणजे तिकडची पोती..."

"त्यांचं सगळं इकडं होतं, लल्ला. म्हणून तिकडं नव्हतं. आमच्याकडंही नाही. पाटाला पाणी नाही. आणि माझ्या पोरीला..." इत्तोचा आवाज फाटला. सगळे पुरुष ऐकत होते. "शाळा आली नाही तर शुक्रवारी तिच्या लग्नाचा फातिहा आहे."

मातीवाला हळूच खाली बसला, उघड्या जमिनीवर. पैशावाला मात्र पांढरा पडला होता. "सगळं पुन्हा करावं लागेल. दोन्ही गावांचं. काय खरं नि काय खोटं! या हंगामात आता कुठंच काही उघडणार नाही."

कुठंच काही उघडणार नाही. इत्तोच्या हातातली गुंडाळी सुटली आणि गालिचा पुन्हा पसरला.

नुझाबाईनं बास्सूला बाजूला घेतलं. "पोरगी लहान आहे. कायद्यात बसत नाही हे."

"तुम्ही पाहुण्या आहात," बास्सू म्हणाला. एवढंच.

*

यामनानं गालिचा घेतला, पण वहिनीला आत बोलावलं नाही.

"वर्ग आमच्याकडं आले होते," ती उंबऱ्यातून म्हणाली. "तू ओढून घेतलेस. तुझी बुडत होती म्हणून माझीही बुडवलीस. आता हादाला कोणत्या शाळेत घालू, सांग ना?"

तिच्यामागं हादा उभी होती. इत्तोनं उंबऱ्यापाशी पडलेला दोर तेवढा उचलला. परत येताना ती नदी रिकाम्या पाठीनं उतरली, तरी काठावर तशीच वाकून उभी राहिली.

घरी जेवताना बास्सूनं नुसतं भाकरीकडंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो अंधारातच उठून झाडावर गेला आणि असा झोडायला लागला, की कोवळ्या फांद्याही तुटून खाली येत होत्या. "हळू," इत्तो ओरडली, "हात सुटेल." वरून आणखी एक फांदी आली. अक्रोडाच्या झाडावरून पडलेला माणूस उठत नाही. त्या खोऱ्यात पडून उठल्याची एकच गोष्ट सांगतात, आणि ती सांगणारा खोटारडा म्हणून प्रसिद्ध आहे.

उन्हं चढली तेव्हा हद्दू आला. बुंध्याशी उभा राहून त्यानं मान वर केली.

"बास्सू, खाली उतरतोस?"

"तिथूनच बोल."

"शुक्रवारचं राहू दे."

काठी थांबली.

"का?"

"माझं घर वाटेवर आहे. रोज चार पाहुण्यांची उठबस असते. ज्या घरची बाई पाहुण्याखालचं अंथरूण ओढते, त्या घरची पोरगी मला परवडायची नाही. पोरगी आईवर जाते, बाबा. राग मानू नकोस." तो इत्तोकडं न बघता गेला. जाताजाता एक अक्रोड मात्र उचलून खिशात टाकला.

इत्तो फांद्यांमधून त्याचे पाय शोधत होती. मग ते दिसले, एकेक बेचकं चाचपत खाली येणारे, म्हाताऱ्यासारखे. तो उतरला आणि बुंध्याला पाठ लावून बसला. तळहात सोलवटले होते.

"आता हिला या खोऱ्यात कोण मागेल?"

"कोणी नाही," इत्तो म्हणाली.

"तुला आनंद झालेला दिसतोय."

"मला भीती वाटत होती, तुम्ही पडाल म्हणून. आनंदाला अजून जागा झाली नाही."

तूदा टोपली घेऊन लांब उभी होती. बास्सूनं तिच्याकडं पाहिलं, पुन्हा आपल्या हातांकडं पाहिलं. "घरात ठेवून तरी काय करायचं हिला? चार बायका बोट दाखवतील."

"शहरात शाळा आहे. पुढच्या वर्गांची."

"आणि राहील कुठं? रस्त्यावर?"

इत्तोनं श्वास घेतला. हे नाव तिनं लग्न झाल्यापासून त्याच्यापुढं काढलं नव्हतं. "तुमची आत्या आहे तिथं."

"त्या म्हातारीच्या दारात? बापाच्या मयताला आली तेव्हा मी तिला पाणीही विचारलं नव्हतं. ती मला अख्ख्या गल्लीसमोर उभं करून सोलेल."

"सोलेल. पण आता काय उरलंय सोलायला?"

बास्सू तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याच्या पोटातून एक चमत्कारिक आवाज आला. इत्तोला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता. हसताहसता खोकायला लागला. "खरंच की," तो म्हणाला, "खरंच की! अब्रू गेली म्हणजे माणूस किती हलका होतो गं."

"मग अजून एक हलकं करा. यामनाच्या हादालाही घेऊ. ती तुमच्या आत्याची तेवढीच नात."

त्याचं हसू थांबलं. "दोन पोरी मागू?"

"तिचं मी बुडवलंय," इत्तो म्हणाली.

*

शहरातल्या त्या गल्लीत खेचराच्या टापा फार मोठ्यानं वाजल्या. दोन्ही पोरी खेचरावर एकमेकींना धरून बसल्या होत्या, इत्तो लगाम धरून उभी होती. शेजारपाजारचे दारं किलकिली करून बघत होते. बास्सूनं दार ठोठावलं.

आत्या वाकलेली होती, पण आवाज सरळ होता. "कोण? अरे! हा तर माझ्या भावाचा राजपुत्र! वाट चुकलास का रे? की पाणी पाजायला आलास, इतक्या वर्षांनी?"

गल्लीत कोणीतरी फिस्सकन हसलं. इत्तोनं पाहिलं, बास्सूचा हात फेट्याच्या शेवाकडं गेला, तोंड झाकायला. मग तो हात खाली आला.

"मागायला आलोय, आत्या."

"मोठ्यानं बोल. मला ऐकू कमी येतं."

"मागायला आलोय!" बास्सू ओरडला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. "माझ्या पोरीला जागा हवी. शाळेपुरती. आणि यामनाच्या पोरीलाही. आमच्याकडं काही नाही. जमीन आहे तर पाणी नाही, झाड आहे तर..." त्याला पुढं सुचेना. "काही नाही आमच्याकडं, आत्या."

म्हातारीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मग वेळ घेऊन पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत. मग ती खेचराकडं वळली.

"उतरा गं. हात दाखवा. अरे देवा, कोळशाच्या खाणीतनं आणल्यात का? आत जा, मोरीत साबण आहे. जाणार नाही तो रंग, पण घासा."

पोरी उतरल्या. तूदा उंबऱ्यावर थांबून मागं वळली, पण इत्तोनं मानेनंच आत जा म्हटलं.

बास्सू पाऊल टाकायला निघाला तशी म्हातारीनं दार अर्धं लोटलं. "तू कुठं? पोरींना जागा आहे. तू थांब तिथंच. चहा झाला की बाहेर देते."

तो थांबला. रस्त्याच्या मधोमध, खेचराशेजारी, तोंड न झाकता. येणारेजाणारे वळून बघत होते. आतून पाणी ओतल्याचा आणि दोन पोरींच्या खिदळण्याचा आवाज येत होता, आणि बास्सू तो नीट ऐकू यावा म्हणून फेटा कानावरून मागं सारत होता.